साक्ष कुणाची?

लग्नसराईत नंदुरबारला शेजाऱ्यांच्या मांडवात मी हमखास असतो. मंगलाष्टके सुरू झाली की हातावर अक्षता येतात. अक्षत म्हणजे न तुटलेला दाणा. कणी अक्षतांत चालत नाही. कविता लिहिणाऱ्याला आवडावा असाच हा शब्द आहे. पण हाच शब्द आपल्या जुन्या शास्त्रांनी बाईच्या देहालाही लावला. ती ‘अक्षतयोनी’ असेल तर तिचा पुन्हा विवाहसंस्कार होऊ शकतो, असे मनुस्मृती सांगते. तांदळाची कसोटी बाईला लागली ती अशी.

गंमत म्हणजे त्याच परंपरेने पाच विवाहित स्त्रियांना ‘पंचकन्या’ म्हणून प्रातःस्मरणीय ठरवले. अहल्या, द्रौपदी, तारा, मंदोदरी आणि कुणी सीता म्हणते, कुणी कुंती. म्हणजे कौमार्य कुठे असते, शरीरात की मनात, याविषयी आपल्या पूर्वजांचेही एकमत नव्हते.

शरीराचे उत्तर वैद्यकशास्त्राने देऊन टाकले आहे. ज्या पातळ पडद्यावर हा सारा डोलारा उभा आहे, तो प्रत्येकीचा वेगळा असतो. कुणाला तो जन्मतः नसतो. कुणाचा खेळताना, कष्टाची कामे करताना फाटतो, तर कुणाचा संबंधानंतरही तसाच राहतो. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांसह स्पष्ट सांगितले, की कौमार्य सिद्ध करणारी कोणतीही तपासणी अस्तित्वात नाही.

मग जे सापडतच नाही, ते इतकी शतके का शोधले गेले? त्याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात मिळते.

26 मार्च 1972. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज पोलीस ठाणे. मजुरी करणाऱ्या एका अनाथ आदिवासी मुलीवर तिथे पोलिसांनीच अत्याचार केल्याची तक्रार झाली. हेच ‘मथुरा प्रकरण’. वैद्यकीय तपासणीत जुन्या खुणा आढळल्या. 1974 मध्ये सत्र न्यायालयाने मुलीला शरीरसंबंधांची सवय असल्याचे म्हटले, तिची संमती गृहीत धरली आणि आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. अंगावर जखमा नव्हत्या, हे त्यामागचे एक कारण होते.

इथे नीट पाहा. तिच्या देहावरून तिचे मन वाचले गेले. पूर्वी काही घडले असेल, म्हणून त्या रात्रीही तिची ‘हो’ असणार! ती स्वतः ‘नाही’ म्हणत होती, त्याचे मोल शून्य.

मी राहतो तो जिल्हा भिल्ल आणि पावरा समाजाचा. सातपुड्यात मुलीच्या बापाला देज देण्याची रीत आहे. विधवेने किंवा नवरा सोडलेल्या बाईने दुसरे लग्न केले तर तिथे फार गहजब होत नाही. अशी मोकळी रीत असलेली बाई ठाण्यात आणि कोर्टात गेली, की तिला मोजायला अक्षतांचे माप निघते. मथुरेच्या जागी माझ्या जिल्ह्यातली कोणतीही मुलगी असू शकली असती.

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने ते खरे मानून चालावे, अशी तरतूद झाली. बाईच्या शब्दाला वजन आले.

तरी माप गेले नाही. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री पांढरी चादर अंथरायची आणि सकाळी पंचांसमोर नवऱ्याला ‘माल खरा की खोटा’ विचारायचे, ही रीत चालू राहिली. तिच्याविरुद्ध विवेक तमायचीकर आणि त्या समाजातलेच तरुण-तरुणी उभे राहिले. त्यांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. 2019 मध्ये अशी चाचणी लैंगिक अत्याचार मानण्याची घोषणा राज्य सरकारने केली.

पण एका जमातीकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. ‘कौमार्याची लक्षणे’ हा धडा आपल्या भावी डॉक्टरांच्या अभ्यासक्रमातही होता. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी त्याविरुद्ध पाठपुरावा केला आणि 2019 मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो वगळला. 31 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीडितेची ‘टू फिंगर टेस्ट’ करणे हे गैरवर्तन ठरवले. तरी 2024 मध्ये हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात परत डोकावला आणि टीका झाल्यावर मागे घ्यावा लागला. चादर पंचांचीच असते असे नाही, ती पुस्तकातही असते.

माझ्या घरातले उदाहरणही सांगायला हवे. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी हजरत खदिजा विधवा होत्या. कुरआनातल्या सूरह नूरमध्ये पाकदामन स्त्रीवर आळ घेऊन चार साक्षीदार न आणणाऱ्याला ऐंशी फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. म्हणजे पुरावा आणायचा तो आळ घेणाऱ्याने. तरीही आमच्या मोहल्ल्यात कुजबुजीला साक्षीदार लागत नाहीत. बांगलादेशात निकाहनाम्यावर वधूपुढे ‘कुमारी’ हा शब्द छापलेला असे. 2019 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो काढून ‘अविवाहित’ लिहायला सांगितले. एका शब्दाचा बदल, पण केवढा मोठा!

मग कौमार्य मनाचे, असे म्हणावे का? पूर्वी मी तसेच म्हणत असे. ऐकायला ते उदार वाटते. आता भीती वाटते. मनाचे म्हटले, की लोक मनाची झडती घेतील. तिचे कपडे, तिची मैत्री, तिचे हसणे तपासतील. मथुरा प्रकरणात दुसरे काय झाले?

तरुणपणी मीही कवितेत नववधूला ‘न उमललेली कळी’ म्हटले होते. मैफलीत दाद मिळाली. ती कळी काय म्हणते, हे विचारायचे मात्र मला सुचले नाही.

म्हणून आता माझे उत्तर एवढेच आहे. आपल्या देहाविषयी आणि मनाविषयी बाई जे सांगेल, ती साक्ष. तिला काहीच सांगायचे नसेल, तर तो तिचा अधिकार. अक्षता मी पुढेही टाकीन. पण अखंड असावेत ते तांदळाचे दाणे, बाईने ती कसोटी का द्यावी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)