हॉटस्पॉट लावला, कंपनीला कळतं का?

"दादा, हॉटस्पॉट चालू कर ना!" आपल्या कळंबमध्ये हे वाक्य कुणी ऐकलं नसेल असं होणार नाही. एकच सिम, आणि त्यावर दादाचा मोबाइल, ताईचा लॅपटॉप, कधी टीव्हीसुद्धा. 2020 च्या लॉकडाउनमध्ये शाळा मोबाइलवर आली, तेव्हा एका रिचार्जवर दोन-दोन भावंडं शिकली. मग प्रश्न पडतोच: हे कंपनीला दिसतं का?

थेट उत्तर: हो, बऱ्याचदा दिसू शकतं. पण कसं, हे कळायला थोडं मागे जाऊया.

जीपीआरएसचा जमाना. मोबाइल वायरने कॉम्प्युटरला जोडायचा आणि नेट चालवायचं. तेव्हा कंपन्यांनी दोन वेगळे दरवाजेच ठेवले होते, म्हणजे दोन एपीएन. एअरटेलचं 'लाइव्ह' मोबाइलवरच्या छोट्या पानांसाठी, तर 'मोबाइल ऑफिस' पूर्ण इंटरनेटसाठी. रिलायन्सकडेही 'आरकॉमवॅप' आणि 'आरकॉमनेट' असे दोन होते. तुम्ही कुठल्या दरवाजातून आलात, त्यावरून दर ठरायचा. अर्थात, स्वस्त दरवाजातून कॉम्प्युटर घुसवायचे जुगाडही पोरांनी केलेच!

2010 मध्ये अँड्रॉइड 2.2 आलं आणि फोन स्वतःच वाय-फाय राउटर झाला. आता मागची सगळी उपकरणं एकाच पत्त्याआड लपली. लपली, पण पूर्ण नाही.

कारण 1981 सालचा एक नियम. इंटरनेटवरच्या प्रत्येक पाकिटावर टीटीएल नावाचा आकडा असतो. वाट चुकलेलं पाकीट कायम फिरत राहू नये म्हणून प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पाकीट फेकून देतात. समजा, एसटीत बसणाऱ्या प्रत्येकाला निघताना 64 खडे दिले आणि प्रत्येक थांब्यावर एक टाकायला लावला. कळंबलाच बसलेल्याकडे 64 असतील. खेड्यातून कळंबला आलेल्याकडे 63. फोनचा आकडा साधारण 64 पासून सुरू होतो, विंडोज लॅपटॉपचा 128 पासून. लॅपटॉपचं पाकीट तुमच्या फोनमधून गेलं की होतं 127. एवढ्यावरून कंपनीला अंदाज येतो की मागे कुणीतरी आहे.

2002 मध्ये अमेरिकेतल्या एटी अँड टी लॅब्जचे संशोधक स्टीव्हन बेलोविन यांनी याच्याही पुढची गोष्ट दाखवली. पाकिटांवरच्या क्रमांकांच्या रांगा पाहून, एका पत्त्याआड साधारण किती कॉम्प्युटर आहेत हेही मोजता येतं. शिवाय मोबाइलच्या सिमवरून विंडोजचे अपडेट मागवले जात असतील, तर वेगळं सांगायला नकोच.

पण एक लक्षात घ्या, बरं का. हे सगळे अंदाज आहेत. टीटीएल बदलता येतो. आणि पाकीट मोजणं म्हणजे आतली चिठ्ठी वाचणं नव्हे. एचटीटीपीएस असेल तर तुम्ही काय वाचताय ते कंपनीला दिसत नाही.

मग कंपन्यांनी या माहितीचं काय केलं? अमेरिकेत टेदरिंगसाठी वेगळे पैसे घेतले जायचे. टेदरिंगची ॲप्स अडवल्याच्या प्रकरणात जुलै 2012 मध्ये व्हेरायझनने सरकारला साडेबारा लाख डॉलर देऊन तडजोड केली. आपल्याकडे सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि रोजच्या जीबीचे पॅक रुळले. दीड जीबी म्हणजे दीड जीबी. ते फोनने संपवले की लॅपटॉपने, कंपनीला फारसा फरक पडत नव्हता.

खरी गंमत आता आहे. ऑक्टोबर 2022 पासून देशात 5जी आलं, पाठोपाठ 'अनलिमिटेड' पॅक आले. मोजमाप गेलं की 'कोण वापरतंय' हा जुना प्रश्न परत येतो. म्हणूनच अशा पॅकच्या अटींमध्ये 'वैयक्तिक वापर' हे शब्द दिसतात. ट्रायने 8 फेब्रुवारी 2016 ला केलेला नियम सांगतो की तुम्ही काय पाहता यावरून वेगळा दर लावता येणार नाही. तो मजकुराबद्दल आहे. तुम्ही कशावर पाहता, याबद्दल नाही.

ज्या घरात फायबर पोचलेलं नाही, तिथे हॉटस्पॉट ही चैन नाही. तिथे परीक्षेचा फॉर्म आणि क्लासचं लेक्चर त्यावरच चालतं. म्हणून पुढचं रिचार्ज करताना किमतीखालची बारीक अक्षरं वाचा, आणि घरच्यांनाही वाचून दाखवा. कंपनीला आपलं मागचं माणूस दिसतं; आपल्यालाही तिच्या अटी दिसायला हव्यात.

भेटू पुढच्या भागात. तोवर डेटा जपून वापरा!