रामटेकांतील ‘टेक’

नागपुराच्या ईशान्येस सुमारें ५० किलोमीटरांवर असलेल्या रामटेकच्या नांवाचा अर्थ एखाद्या यात्रेकरूस विचारला, तर तो क्षणाचाही विलंब न लावतां सांगतो कीं, वनवासांत असतांना प्रभु रामचंद्रांनीं येथें राक्षसांचा नाश करण्याची टेक धरली, म्हणून हें रामटेक. यात्रेकरूंच्या पुस्तिकांत हेंच लिहिलेलें असतें. वर्गांत मेघदूताची गोष्ट निघाली म्हणजे विद्यार्थ्यांनाही मी हा प्रश्न करतों, आणि बहुधा हेंच उत्तर मिळतें. उत्तर गोड आहे, भक्तिपूर्ण आहे. परंतु तें बरोबर आहे काय?

हा प्रश्न केवळ शब्दच्छलाचा नाहीं. कालिदासाचा शापग्रस्त यक्ष ज्या रामगिरीवर वर्षभर विरह कंठीत राहिला तो रामगिरि म्हणजेच आपलें रामटेक, असें विदर्भांतील सुशिक्षित मनुष्य अभिमानानें म्हणतो. या म्हणण्याच्या आधारांपैकीं एक आधार म्हणजे हें नांवच. ‘टेक’ म्हणजे ‘गिरि’ असेल तरच रामगिरि आणि रामटेक हीं एकाच नांवाचीं दोन रूपें ठरतात. ‘टेक’ म्हणजे प्रतिज्ञा असें मानलें कीं हा दुवा निखळतो, आणि राम या नांवापलीकडे दोहोंत समान असें कांहीं उरत नाहीं. म्हणजे यात्रेकरूची श्रद्धा आणि पंडिताचा अभिमान हीं दोन्हीं एकाच दोन अक्षरी शब्दावर टेकलेलीं आहेत, आणि तीं एकमेकांच्या विरुद्ध दिशांस ओढीत आहेत, याची दोघांनाही सहसा जाणीव नसते.

प्रथम तो शब्दच पाहूं. मराठींत ‘टेक’ या अक्षरांभोंवतीं शब्दांचा केवढा गोतावळा जमला आहे! दमलेला मनुष्य भिंतीला पाठ टेकतो, म्हातारा काठी टेकीत चालतो, देवळांत गेलेला माथा टेकतो आणि हरलेला हात टेकतो. घराचें आढें वांकलें तर त्याला आपण टेकू देतों. अति श्रमानें जीव टेकीस येतो. उलट, ज्याचें मन एका निश्चयावर असें टेकलें कीं तेथून हालत नाहीं, त्याला आपण टेकीचा माणूस म्हणतों. त्याची टेक तो प्राणपणानें राखतो. हिंदी भजनांत ज्या चरणावर गाणारा पुनःपुन्हां येऊन विसावतो त्या ध्रुवपदालाही टेकच म्हणतात. आणि याच गोतावळ्यांत टेकडी आहे, टेकाड आहे, माळव्यांतील टेकरी आहे, गुजराथेंतील टेकरो आहे. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनीं देवासच्या पवार दरबारांतील आपल्या वास्तव्यावर १९५३ सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्याचें नांव ‘देवीचा डोंगर’ अशा अर्थाचें आहे. तो डोंगर म्हणजे देवासकर ज्याला माताजींची टेकरी म्हणतात तोच. फार दूर कशाला, रामटेकच्याच वाटेवर, कन्हानजवळ टेकाडी नांवाचें गांव आहे, आणि नागपूरच्या रेल्वे स्टेशनाशेजारचा गणपति टेकडीचा गणपति म्हणूनच प्रसिद्ध आहे.

या सर्वांचें मूळ एकच कीं दोन, हा वाद भाषाशास्त्रज्ञांकडे सोंपवावा. आपल्या कामापुरतें एवढें पुरे कीं, ‘डोंगर’ या अर्थाचा टेक आणि ‘निश्चय’ या अर्थाची टेक असे दोन्ही अर्थ आपल्या भाषेच्या परिसरांत जुन्या काळापासून शेजारीं शेजारीं नांदत आले आहेत. मात्र एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. डोंगराच्या अर्थीं आपण आज नुसतें ‘टेक’ म्हणत नाहीं. टेकडी म्हणतों, टेकाड म्हणतों. नुसतें ‘टेक’ आतां निश्चयाच्याच वांट्यास आलें आहे. माझ्या मतें सर्व घोटाळ्याचें बीज येथेंच आहे. पण त्याकडे वळण्यापूर्वीं कागदपत्रांची साक्ष घेऊं.

सर्वांत जुनी साक्ष ताम्रपटाची आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटक नृपति दुसरा रुद्रसेन याची राणी प्रभावतीगुप्ता हिनें, आपला पुत्र दुसरा प्रवरसेन याच्या राज्याच्या १९ व्या वर्षीं, एक दान दिलें. त्याचा ताम्रपट अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धपूर येथें मिळाला, आणि तो रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून दिल्याचें त्यांत सांगितलें आहे. हा काळ इसवी सनाच्या पांचव्या शतकाचा. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचें आजचें नगरधन. तेथें अलीकडे, २०१५ नंतरच्या उत्खननांत, प्रभावतीगुप्तेच्या नांवाची मातीची मुद्राही सांपडली. रामटेकच्या डोंगरावरील केवल नरसिंहाच्या देवळांतून एक वाकाटककालीन शिलालेख उजेडांत आला आहे, आणि तोही तिच्याच घराण्याशीं निगडित आहे. राजधानीच्या दारांतला हा डोंगर, त्यावर राजघराण्याचीं देवळें, आणि ताम्रपटांत रामगिरीच्या स्वामीचा उल्लेख. यांची सांगड घालावयास फारसे पांडित्य लागत नाहीं.

त्यानंतरची मोठी साक्ष यादवांच्या काळची, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतली. रामटेकच्या लक्ष्मणमंदिरांत राजा रामचंद्राच्या वेळचा संस्कृत शिलालेख आहे. त्यांत डोंगराला सिंदूरगिरि आणि तपंगिरि अशीं नांवें दिलेलीं आहेत. येथील दगड फोडला असतां लालसर निघतो, म्हणून सिंदूरगिरि हें साधें कारण. पण नरसिंहानें हिरण्यकशिपूला मारलें तेव्हां त्याच्या रक्तानें हा पर्वत रंगला, अशी त्याची कथा झाली. म्हणजे नांवांतून कथा काढण्याचा छंद कांहीं आजचा नव्हे. त्याच शतकांत चक्रधरस्वामी गुजराथेंतून रामयात्रेच्या निमित्तानें निघाले, ते वाटेंत ऋद्धपुरास गोविंदप्रभूंना भेटले आणि महानुभाव पंथाचा इतिहासच पालटला. रामाच्या या डोंगराची कीर्ति त्या काळीं भडोचपर्यंत पोंचली होती, एवढें यावरून दिसतें.

आतां हीं जुनीं नांवें एका ओळींत मांडून पाहा: रामगिरि, सिंदूरगिरि, तपंगिरि. प्रत्येकाच्या शेवटीं गिरि. प्रतिज्ञा, पण, व्रत असा एकही शब्द नाहीं. नांवाचा अर्थ ‘रामाची प्रतिज्ञा’ असा असता, तर संस्कृतांत लिहिणाऱ्या पंडितांना तो अर्थ व्यक्त करणारे शब्द कांहीं थोडे नव्हते. शिवाय आपल्या देशांत देवाच्या नांवापुढें गिरि किंवा गड लावून स्थळांना नांवें देण्याची रीत सर्वत्र आहे. देवगिरि आणि ब्रह्मगिरि हीं प्रत्येकाला ठाऊक आहेत. देवानें केलेल्या प्रतिज्ञेचेंच नांव गांवाला दिलें, असें दुसरें उदाहरण मात्र मला महाराष्ट्रांत आढळलें नाहीं. तेव्हां रामटेक हें रामगिरीचें सरळ मराठी भाषांतर होय, असें मीं समजतों. पंडित गिरि म्हणत, लोक टेक म्हणत. पंडितांचें नांव ताम्रपटांत राहिलें, लोकांचें तोंडांत.

गमतीची गोष्ट अशी कीं हें भाषांतर प्रथम ओळखून छापलें तें एका परक्या माणसानें. होरेस हेमन विल्सन यांनीं १८१३ सालीं कलकत्त्यास मेघदूताचें इंग्रजी पद्यरूपांतर टीपांसह प्रसिद्ध केलें. नागपूर तेव्हां भोंसल्यांचें होतें. रामगिरीवरील टीपेंत विल्सन यांनीं नागपूरच्या उत्तरेचें हें ठिकाण सुचविलें, आणि मराठींत या नांवाचा अर्थ रामाचा डोंगर असाच होतो असें आपण समजतों, अशी पुस्ती जोडली. म्हणजे दोनशें वर्षांपूर्वीं ज्या कोणा मराठी जाणत्याकडून ही माहिती कलकत्त्यास पोंचली, त्याला टेक म्हणजे डोंगर हें ठाऊक होतें. आज तें आपणांस पुराव्यांनीं सिद्ध करावें लागत आहे.

अर्थात् नुसत्या नांवावर कालिदासाचा रामगिरि ठरत नाहीं. मल्लिनाथासारखा टीकाकार रामगिरि म्हणजे चित्रकूट असें सांगून गेला, आणि छत्तीसगडांतील सरगुजा जिल्ह्याच्या रामगडाचेही कैवारी आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं या प्रश्नाचा पिच्छा पुरविला आणि १९५९ सालीं ‘मेघदूतांतील रामगिरि अर्थात् रामटेक’ हा ग्रंथच लिहिला. चित्रकूटाविरुद्धचा मुद्दा कोणीही नकाशा उघडून पडताळून पाहावा: यक्ष मेघाला उत्तरेकडे जावयास सांगतो आणि वाटेंत त्याला नर्मदा लागते, मग विदिशा लागते. चित्रकूट तर नर्मदेच्या पुष्कळच उत्तरेस. तेथून निघालेल्या मेघास नर्मदा पाहण्यासाठीं आल्या वाटेनें मागें फिरावें लागेल. आणि कालिदासाचा मेघ आडवाटेनें गेला तर तसें कवि स्वतःच सांगतो, उज्जयिनीच्या वेळीं त्यानें तें सांगितलेंच आहे. मला मिराशींचा पक्ष सबळ वाटतो. त्या पक्षांत टेक या शब्दाची साक्ष प्रमुख नसेल, पण ती खोटी पाडूं दिल्यास बाकीच्या साक्षीदारांवरही संशय येतो, म्हणून एवढा खटाटोप.

मग प्रतिज्ञेची कथा आली कोठून? टेक शब्दाचा डोंगर हा अर्थ बोलण्यांतून गेला आणि नांव मात्र राहिलें. अर्थ हरवलेलें नांव लोक फार काळ तसेंच राहूं देत नाहींत. हाताशीं असलेल्या अर्थानें तें भरून काढतात. इंग्लंड आणि वेल्स या देशांत याचीं उदाहरणें पावलोपावलीं सांपडतात. वेल्श भाषेंत ‘पेन’ म्हणजे माथा, ‘ब्रिन’ म्हणजे टेकडी. ब्रिन हें तर आतां तिकडे मुलाचें नांव म्हणूनही ठेवतात. लँकेशायरमध्यें पेंडल हिल नांवाचा डोंगर आहे. तेथील मूळच्या ब्रिटन लोकांनीं त्याला ‘पेन’ म्हटलें, मागाहून आलेल्या इंग्रजांना तो शब्द कळेना म्हणून त्यांनीं आपला ‘हिल’ त्यास जोडला, दोन्ही मिळून पेंडल झालें, आणि पुढें तेंही कळेनासें झालें तेव्हां पुन्हां एकदां ‘हिल’ लावला. डोंगर-डोंगर-डोंगर! हंसूं नये; आपणही ‘रामटेकची टेकडी’ म्हणतोंच.

वेल्समधील बेडगेलर्टची कथा याहून मौजेची आहे. ‘बेड’ म्हणजे थडगें, गेलर्टचें थडगें. हा गेलर्ट बहुधा कोणी प्राचीन साधुपुरुष असावा. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील एका खाणावळवाल्यानें गिऱ्हाइकांसाठीं सांगावयास प्रारंभ केला कीं, गेलर्ट हा राजा लूएलिनचा कुत्रा. बाळाला त्यानें लांडग्यापासून वांचविलें, पण रक्तानें माखलेलें त्याचें तोंड पाहून राजानें अविचारानें त्यालाच ठार केलें. थडगेंही दाखविण्यांत येऊं लागलें. वाचकांनीं ही गोष्ट ओळखली असेलच. ती आपल्या पंचतंत्रांतील ब्राह्मणाच्या घरच्या मुंगसाची गोष्ट आहे! फारसी, अरबी अशा मजला करीत ती युरोपांत गेली आणि वेल्समधील एका अर्थ हरवलेल्या नांवांत जाऊन राहिली.

आपल्या नागपुरांतच पाहा. सीताबर्डी म्हणजे शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद हे दोन गवळी बंधु, असें सांगतात. बरड म्हणजे मुरमाड, खडकाळ जमीन हें विदर्भांतील शेतकऱ्याला सांगावें लागत नाहीं, आणि १८१७ च्या नोव्हेंबरांत जेथें भोंसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली त्या दोन टेकड्या अजून डोळ्यांसमोर उभ्या आहेत. तरीही बर्डीसाठीं बद्रीप्रसाद शोधावा लागला. मला बंधूंपेक्षां बरडच अधिक विश्वासार्ह वाटते.

परंतु रामटेकची प्रतिज्ञा आणि खाणावळवाल्याचा कुत्रा हीं एका तागडींत घालणें अन्यायाचें होईल. राक्षसांनीं ऋषींना मारल्याचें ऐकून रामानें दंडकारण्यांतील तपस्व्यांना अभय दिल्याचा प्रसंग वाल्मीकींच्या अरण्यकांडांत आहे, आणि तुलसीदासांनीं तर तेथें रामाला हात उंचावून पण करावयास लावलें आहे. रामाचा डोंगर दंडकारण्याच्या परिसरांतला, नांवांत टेक हा शब्द आयता हजर. मग रामायणांतली प्रतिज्ञा येथें येऊन बसली नसती तरच नवल. पहिले रघूजी भोंसले यांनीं देवगडच्या स्वारीपूर्वीं या रामाला नवस केला आणि यश आल्यावर देवस्थानाचा जीर्णोद्धार केला, अशी आख्यायिका आहे. नवस फेडणारा राजा आणि टेक धरणारा देव यांची जोडी लोकमनांत जमून गेली असेल, तर त्यांत आश्चर्य कसलें? ही कथा नांवाचें मूळ सांगत नाहीं. नांव लोकांनीं कसें ऐकलें तें सांगते, आणि तोही इतिहासच आहे.

शिवाय नांव आतां डोंगरावर राहिलेलेंही नाहीं. डोंगरावरच्या देवस्थानाला लोक गडमंदिर म्हणतात आणि रामटेक म्हणजे पायथ्याचें शहर समजतात. रामटेके या आडनांवानें तें विदर्भांत घरोघर पोंचलें आहे. मुंबईस मलबार हिलवर मंत्र्यांच्या निवासाच्या एका बंगल्याचें नांवही रामटेक आहे. तेथें कोणी कसली टेक धरली या चौकशींत आपण पडूं नये. बंगला उभा आहे तो मात्र टेकडीवरच.