चाळीस पिना, सात पिना आणि परभणीचं मीटरगेज

परभणीकडच्या माणसाला 'गेज' ही भानगड समजावून सांगावी लागत नाही. निजामाच्या काळात टाकलेली मनमाड-सिकंदराबाद लाईन मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांत १००० मिमी अंतर. मुंबईची लाईन ब्रॉडगेज, १६७६ मिमी. त्यामुळे परभणीहून मुंबईला निघालेल्याने मनमाडला उतरायचं आणि गाडी बदलायची. मालही या वॅगनमधून त्या वॅगनमध्ये. १९९० च्या दशकात मनमाड-परभणी ब्रॉडगेज झालं आणि ही कटकट मिटली. आपल्या डोक्यात मात्र पक्कं बसलं : रुंद ते वेगवान.

हार्ड डिस्कच्या केबलचा इतिहास नेमका उलटा आहे!

वेस्टर्न डिजिटलने कॉम्पॅकसाठी बनवलेलं आयडीई १९८६ मध्ये बाजारात आलं. आधी वेगळ्या कार्डावर असणारा कंट्रोलर आता थेट डिस्कवर बसला. १९९४ साली त्याचं एटीए नावाने अधिकृत स्टँडर्ड झालं. चाळीस पिनांची ती चपटी करडी केबल आठवतेय ना? तिच्यातून १६ बिट्स शेजारीशेजारी जायचे. एका केबलवर दोन डिस्क, आणि मास्टर कोण, स्लेव्ह कोण हे जंपर लावून ठरवायचं.

वेग वाढला तशी पंचाईत झाली. सोळाही बिट्स एकदम पोचायला हवेत. एक रेंगाळला की सगळी रांग खोळंबली. त्यात शेजारच्या तारांची एकमेकीत लुडबूड. म्हणून ६६ एमबीच्या वेगासाठी केबलमध्ये आणखी ४० तारा घातल्या, पण त्या नुसत्या ग्राउंडच्या. तारा दुप्पट, डेटा नेणाऱ्या मात्र १६ च! केबलची लांबीही जेमतेम १८ इंच. सेकंदाला १३३ एमबीवर हे प्रकरण थांबलं.

२००३ पासून साटाच्या डिस्क आल्या. सात पिना : जायला दोन तारा, यायला दोन, तीन ग्राउंड. बिट्स एकामागून एक जातात, त्यामुळे रांग जुळवायची गरजच नाही. जोडीतल्या दोन तारांवर उलटसुलट सिग्नल असतात आणि पलीकडे फक्त त्यांतला फरक मोजतात. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच येतो, म्हणून वजाबाकीत उडून जातो. पहिल्याच फेरीत १५० एमबी, २००९ मध्ये ६०० एमबी. पिना त्याच सात आणि केबल एक मीटरपर्यंत.

२०११ च्या एनव्हीएमईमध्ये अशा अनेक लेन शेजारी आल्या खऱ्या, पण प्रत्येक लेन आपापल्या तालात धावते. जुळवाजुळव पलीकडची चिप करते.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण म्हणजे गावाकडच्या कपाटातली ती जुनी डिस्क. ताईच्या लग्नाचे फोटो, आजोबांचा आवाज, जे काही असेल ते. नव्या मदरबोर्डवर चाळीस पिनांचं सॉकेट नाही. आयडीई-यूएसबी अडॅप्टर मात्र अजून मिळतो. तेच आपलं मनमाड. साडेतीन इंची डिस्कला वेगळा पॉवर लागतो आणि जंपर मास्टरवर हवा, एवढं बघा. डिस्क फिरतेय तोवर माल उतरवून घ्या. पुढच्या वेळी गावी जाताना अडॅप्टर बॅगेत टाकाच.