वायर, वायफाय आणि घराची भिंत

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी त्याच्या आयपी पत्त्याचा माग काढला आणि तो माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपाशी येऊन थांबला. तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थांचा स्फोटांशी काहीही संबंध नव्हता. त्यांचे वायफाय दुसऱ्याच कोणी वापरले होते. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचे आणि सप्टेंबरमध्ये, दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरमधल्या एका कंपनीचे वायफाय अशाच कामी आले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन उघडी वायफाय शोधत फिरण्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांचे वायफाय सुरक्षित करून घेण्याचे आदेश दिले. आपल्याकडे घरातल्या नेटवर्कच्या सुरक्षिततेचा विषय घरोघरी पोचला तो या घटनांमुळे. पण त्यातून बहुतेकांनी एवढाच बोध घेतला की वायफायला पासवर्ड हवा. जे उपकरण जागचे हलतच नाही, त्याला वायफाय मुळात हवे कशाला, हा प्रश्न मागे पडला. गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर तोच प्रश्न आधी विचारायला हवा, असे माझे मत आहे.

वायर म्हणजे आपोआप सुरक्षित, असे मात्र कधीच नव्हते. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने बेटांवरचे संगणक रेडिओलहरींनी जोडले, ते अलोहानेट. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी तीच कल्पना केबलमध्ये आणली आणि इथरनेट जन्माला आले. म्हणजे घराघरांतल्या लॅन केबलचे मूळ रेडिओत आहे. सुरुवातीच्या इथरनेटमध्ये एकाच जाड केबलवर सगळी यंत्रे जोडलेली असत. प्रत्येक पॅकेट प्रत्येकाला ऐकू येई, आणि आपले नसेल तर ते सोडून द्यायचे, एवढीच शिस्त होती. पुढे हब आले तरी हीच रीत राहिली. १९९०नंतर स्विच आले आणि हळूहळू स्वस्त झाले, तेव्हा कुठे ज्याचे पॅकेट त्यालाच मिळू लागले. मुंबई-पुण्यात केबलवाल्यांनी टेरेसवरून टेरेसवर लॅन केबल ओढून इंटरनेट दिले, त्या काळात शेजारच्या इमारतीतल्या कोणाचे तरी शेअर केलेले फोल्डर आपल्या संगणकावर सहज दिसत. तिथे वायर होती, पण ती भिंतीबाहेर गेली होती. वायरीचे सगळे संरक्षण भिंतीचे असते: तिला हात लावायचा तर आधी घरात शिरावे लागते.

वायफायला ही भिंत नाही, म्हणून त्याला पहिल्यापासून कुलूप लागले. १९९७ च्या ८०२.११ मानकात ‘वेप’ नावाची कूटपद्धत होती आणि तिचे उद्दिष्टच वायरीइतकी गोपनीयता देणे हे होते. तिची चूक साधी होती. प्रत्येक पॅकेटसाठी किल्लीला जो बदलता आकडा जोडायचा, तो फक्त २४ बिटांचा. त्याच्या शक्यता १,६७,७७,२१६. ऐकायला मोठी संख्या वाटते, पण ११ एमबीपीएसने अखंड चालणाऱ्या नेटवर्कवर ती साधारण पाच तासांत संपते आणि जुने आकडे पुन्हा येऊ लागतात. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी याहून खोल दोष दाखवला. २००७ मध्ये डार्मस्टाटच्या संशोधकांनी एका मिनिटाच्या आत किल्ली काढून दाखवली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानसाखळीचे किमान ४.५७ कोटी कार्डांचे तपशील चोरीला गेल्याचे बाहेर आले. चोर आत शिरले होते ते दुकानाच्या वायफायमधून. तोवर वेपहून मजबूत असे डब्ल्यूपीए२ येऊन तीन वर्षे झाली होती.

नंतरचे कुलूप खरोखर मजबूत होते, पण शेजारीच एक फट ठेवली गेली. पासवर्ड टाइप करण्याचा त्रास वाचावा म्हणून राउटरला डब्ल्यूपीएस नावाची सोय आली. तिचा पिन आठ अंकी, म्हणजे वरवर दहा कोटी शक्यता. पण राउटर पिनचा पहिला अर्धा भाग बरोबर की चूक हे वेगळे सांगायचा, आणि शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरायचा. म्हणजे १०,००० अधिक १,०००, फार तर ११,००० प्रयत्न. हे २०११ च्या अखेरीस जाहीर झाले. २०१७ मध्ये बेल्जियमच्या माथी वानहूफ यांनी डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या वेळी होणाऱ्या हस्तांदोलनातच (हँडशेक) दोष दाखवला, २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आले आणि २०१९ मध्ये त्यातही दोष सापडले. ते दुरुस्त झाले, पण दुरुस्ती जुन्या राउटरपर्यंत आणि स्वस्त कॅमेऱ्यापर्यंत पोचतेच असे नाही.

यावर पहिला आक्षेप असा की आता बँकेपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळी वाहतूक कूटबद्धच असते, मग वायफाय फुटले तरी काय बिघडले? बँकेचा पासवर्ड वाचता येणार नाही, हे खरे. पण सानपाड्याच्या घरातून काही चोरीला गेलेच नव्हते. दुसऱ्याच्या गुन्ह्यावर त्या घराचा पत्ता उमटला होता, आणि तिथे कूटबद्ध संकेतस्थळांचा उपयोग शून्य. शिवाय एकदा आत शिरलेल्याला राउटरची सेटिंग, घरातली स्टोरेज डिस्क आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर समोर दिसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: २०१६ च्या मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने लाखो उपकरणे ताब्यात घेतली ती कंपनीने दिलेल्या पासवर्डमुळे, आणि वायरने ती वाचली नसती. मान्य. वायर म्हणजे पासवर्ड बदलण्यातून सुटका नव्हे. पण मिराई इंटरनेटच्या दारातून आला. मी बोलतो आहे ते जिन्यात, शेजारच्या गाळ्यात किंवा खाली गाडीत बसलेल्या माणसाबद्दल. तो वायफायचे हस्तांदोलन टिपून घरी नेऊ शकतो आणि निवांत पासवर्ड लावून पाहू शकतो. पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवणारे पुष्कळ असतात. त्याच्या ४०० कोटी शक्यता आजचे ग्राफिक्स कार्ड काही तासांत संपवते. जुन्या वायफाय कॅमेऱ्याला तर पासवर्ड न फोडताही खोटे संदेश पाठवून नेटवर्कवरून पाडता येते, नेमके चोरीच्या वेळी.

तिसरे म्हणणे भाडेकरूंचे: भिंत फोडू कोण देतो? फोन आणि टॅबला तर केबल लागतच नाही. म्हणून सरसकट वायरचा आग्रह मी धरणार नाही. फोनला वायफाय, तेही डब्ल्यूपीए३ किंवा निदान डब्ल्यूपीए२, लांब पासवर्ड, डब्ल्यूपीएस बंद आणि पाहुण्यांना वेगळे नेटवर्क. पण टीव्ही, टेबलावरचा संगणक, स्टोरेज आणि विशेषतः कॅमेरे जागचे हलत नाहीत. त्यांना केबलच द्या. भाड्याच्या घरात ती स्कर्टिंगलगत पट्टीतून नेता येते. आणि नव्या घराचे वायरिंग करून घेत असाल तर प्लास्टर होण्याआधीच वायरमनला सांगा: प्रत्येक खोलीत कॅट ६ लॅन केबलसाठी विजेच्या पाइपपासून वेगळा, रिकामा पाइप टाकून ठेवा.