डिंक्या (संत्र्यावरील)

संत्रा, मोसंबी व लिंबाच्या झाडांची मुळे आणि बुंधा कुजवणारा रोग. फायटोप्थोरा प्रजातीच्या निकोशियानी, पामिव्होरा व सिट्रोप्थोरा या जाती त्यास कारणीभूत असतात. विदर्भातील वरुड, मोर्शी, काटोल आणि त्यांना लागून असलेल्या, जबलपूर विभागातील पांढुर्णा-सौंसर भागातील बागांत हा रोग आढळतो. या भागासाठी जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचे (स्थापना 1964) विभागीय संशोधन केंद्र छिंदवाड्यास आहे. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था नागपूरला आहे.

लक्षणे : तंतुमुळांची साल कुजून सुटते व आतला दोरा उरतो. बुंध्यावर तपकिरी चट्टे पडून डिंक पाझरतो, पाने पिवळी पडतात, शेंडे वाळतात. कारकाचे बीजाणू पाण्यात पोहतात. त्यामुळे काळ्या जमिनीत पाणी साचले की रोग झाडामागून झाड धरतो. जंबेरी खुंट त्याला लवकर बळी पडतो. रंगपूर लाइम तुलनेने सहनशील आहे.

रासायनिक नियंत्रण : रोगट साल धारदार चाकूने खरवडून जखमेवर बोर्डो मलम लावतात. 1 किलो मोरचूद व 1 किलो कळीचा चुना प्रत्येकी 5 लिटर पाण्यात वेगवेगळे कालवून एकत्र करतात. मिश्रणात लोखंडी सळई बुडवल्यावर तिच्यावर तांबूस थर चढला, तर चुना आणखी घालतात. पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत हा मलम लावतात. तो बाहेरून रक्षण करतो. आत शिरलेल्या रोगावर आंतरप्रवाही औषध लागते. मेटॅलॅक्झिल झाडात मुख्यतः वरच्या दिशेने वाहते, म्हणून त्याची मुळांशी आळवणी करतात. फॉसेटिल-ॲल्युमिनियम खालीही उतरते, म्हणून पानांवर फवारले तरी मुळांपर्यंत पोहोचते. प्रमाण लिटरला 2.5 ग्रॅम. मेटॅलॅक्झिल एकटेच वारंवार वापरल्यास कारकात प्रतिकारक्षमता येते; त्यामुळे ते मॅन्कोझेबसोबत देतात.

मर्यादा : औषधाने कारक दबतो, जमिनीतून नाहीसा होत नाही. कुजलेली मुळे पुन्हा जिवंत होत नाहीत. झाड सावरते ते नव्या तंतुमुळांवर. त्यामुळे निचऱ्याचे चर, बुंध्याला पाणी लागू न देणारे दुहेरी आळे आणि जमिनीपासून वीतभर उंच बांधलेला डोळा यांची जोड नसल्यास पुढच्या पावसाळ्यात रोग उलटतो.