खाण तशी माती? : कॅलिकॅक घराण्याची वंशावळ

‘त्याचे वडीलही असेच होते’, ‘त्या घरातली मुलं अशीच निघायची’. शिक्षकांच्या खोलीत ही वाक्यं आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेली आहेत. कदाचित उच्चारलेलीही असतील. ‘खाण तशी माती’ ही म्हण तर आपल्या तोंडी असतेच. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत याच म्हणीला शास्त्राचा पोशाख चढवला गेला. त्यासाठी एका घराण्याची वंशावळ पुरावा म्हणून पुढे आली. ती वंशावळ कशी तयार झाली आणि पुढे कशी कोसळली, ते पाहण्यासारखं आहे.

न्यू जर्सी राज्यात व्हाइनलँड या गावी, ज्यांना त्या काळी ‘मंदबुद्धी’ म्हणत अशा मुलांसाठी एक निवासी शाळा होती. १८९७ साली तिथे आठ वर्षांची एक मुलगी दाखल झाली. पुढे ती ‘डेबोरा कॅलिकॅक’ या टोपणनावाने जगभर प्रसिद्ध झाली. हे आडनाव शाळेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडार्ड यांनी दोन ग्रीक शब्द जोडून बनवलं होतं. एकाचा अर्थ सुंदर, चांगलं; दुसऱ्याचा वाईट.

पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची एक चाचणी तयार केली होती. कोणत्या मुलांना शाळेत जादा मदत लागेल हे ओळखणं एवढाच तिचा हेतू. गॉडार्ड यांनी १९०८ मध्ये ती अमेरिकेत आणली, पण तिच्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी वेगळी होती. बुद्धी ही जन्मजात, न बदलणारी आणि आनुवंशिक गोष्ट आहे, असं ते धरून चालले. चाचणीनुसार तरुण डेबोराचं मानसिक वय नऊ वर्षांच्या मुलाइतकं भरलं. वाचन आणि गणित तिला जड जाई. पण ती उत्तम शिवणकाम करी, लाकडी खुर्च्या बनवी, कॉर्नेट वाजवी, लहान मुलांना सांभाळी. गॉडार्ड यांनी हे सारं स्वतः नोंदवलं, तिचे फोटोही छापले. निष्कर्ष मात्र चाचणीतल्या आकड्यावरून काढला.

मग प्रश्न आला, हा ‘दोष’ आला कुठून? तो शोधण्यासाठी गॉडार्ड यांच्या सहायक एलिझाबेथ काइट न्यू जर्सीतल्या खेड्यापाड्यांत आणि डोंगराळ वस्त्यांत हिंडल्या. त्यांनी नातेवाइकांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठलं. १९१२ मध्ये ‘द कॅलिकॅक फॅमिली’ हे पुस्तक निघालं. त्यातली कथा अशी. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात मार्टिन नावाच्या एका कुलीन तरुण सैनिकाचा दारूच्या गुत्त्यातल्या एका ‘मंदबुद्धी’ मुलीशी संबंध आला. त्यातून जन्मलेला मुलगा म्हणजे डेबोराचा खापरपणजोबा. पुढे मार्टिनने एका प्रतिष्ठित घरातल्या मुलीशी लग्न केलं. या विवाहातून ४९६ वंशज झाले, जवळजवळ सगळे सज्जन आणि कर्तबगार. गुत्त्यातल्या मुलीकडून झालेल्या ४८० वंशजांत मात्र १४३ जण मंदबुद्धी निघाले. बाप एकच, आया दोन, मग फरक रक्तातलाच नाही का?

कथा इतकी नेटकी होती की वाचकांना ती चटकन पटली. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९०० मध्येच नव्याने उजेडात आले होते. वाटाण्याचा बुटकेपणा जसा पिढ्यांतून उतरतो, तशीच मंदबुद्धीही उतरते असं मानणं लोकांना सोपं गेलं.

आता आपण ही वंशावळ विज्ञानाच्या विद्यार्थ्यासारखी तपासू.

पहिला प्रश्न, हे मंदबुद्धी कोणी ठरवलं? चाचणी झालेली माणसं थोडी. बाकीच्यांबाबत भेटीतल्या बोलण्यावरून, घराच्या अवकळेवरून अंदाज बांधला गेला. जी माणसं कधीच मरून गेली होती, त्यांची बुद्धी शेजाऱ्यांच्या आठवणींवरून ठरली.

दुसरा प्रश्न आकड्यांचा. ४८० पैकी १४३ मंदबुद्धी, ४६ सर्वसाधारण. उरलेले २९१ कुठे गेले? त्यांच्याबद्दल निश्चित माहिती नव्हती. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसांबद्दल काही ठाऊक नसताना सगळ्या घराण्यावर शिक्का बसला. शिवाय ४८० पैकी ८२ जण बालपणीच दगावले होते. हा आकडा रक्ताबद्दल बोलतो की गरिबी, आजार आणि उपासमारीबद्दल? एक शाखा सुखवस्तू घरांत वाढली, दुसरी झोपड्यांत. दोन रोपं वेगवेगळ्या मातीत लावायची आणि उंचीतला फरक बियाण्यावर टाकायचा, असा हा प्रयोग.

तिसरा प्रश्न साध्या गणिताचा. आपले आईवडील दोन, आजीआजोबा चार, पणजीपणजोबा आठ. खापरपणजोबांच्या पिढीत सोळा, आणि त्यांच्याही आईवडिलांच्या पिढीत बत्तीस. गुत्त्यातली ती मुलगी डेबोराच्या या बत्तीस पूर्वजांपैकी एक. उरलेल्या एकतीस जणांचं काय? एकाच माणसापासून खाली रेघा ओढल्या की बाकीचे नजरेआडच राहतात.

चौथा प्रश्न सर्वांत मूलभूत. मुळात ती मुलगी होती का? पुस्तकात तिला नावसुद्धा नाही. १९८० च्या दशकात काही अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं चाळायला सुरुवात केली. जमिनीचे दस्तऐवज, लग्नाच्या नोंदी, जनगणनेचे तक्ते. अमेरिकेत १८४० पर्यंतच्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. १८५० पासून मात्र गुलाम वगळता घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि वय लिहिलं जाऊ लागलं. प्रौढांना लिहिता-वाचता येतं का, हेही विचारलं जाई. या नोंदींतून एक वेगळंच घराणं समोर आलं. डेविड स्मिथ आणि मायकेल वेमायर यांनी २०१२ मध्ये ही सारी हकिकत पुस्तकरूपाने मांडली.

डेबोराचा तो खापरपणजोबा अनौरस नव्हताच. त्याचे आईवडील रीतसर विवाहित होते. तो मार्टिनचा मुलगा नव्हे, तर दूरच्या नात्यातला भाऊ होता. त्याच्या नावावर स्वतःची जमीन होती, आणि १८५० च्या जनगणनेत त्याच्या घरातल्या प्रौढांना वाचता येत असल्याची नोंद आहे. त्याच्या वंशात अडचणीत सापडलेली माणसं होती, तशीच शिक्षक, सैनिक आणि दुकानदारही होते. थोडक्यात, चारचौघांसारखं घराणं. ‘चांगली’ आणि ‘वाईट’ अशा दोन्ही शाखा एकाच मूळ कुळातल्या. ज्या पायावर सगळी इमारत उभी होती, तो पायाच नव्हता.

तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. अशा वंशावळींच्या जोरावर ‘सुप्रजननशास्त्र’ फोफावलं. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीचा व्हर्जिनिया राज्याचा कायदा वैध ठरवला. अशा कायद्यांखाली अमेरिकेत ६० हजारांहून अधिक लोकांची नसबंदी झाली. गॉडार्ड यांच्या पुस्तकाची जर्मन आवृत्ती, नाझी सत्तेवर आले त्याच वर्षी, १९३३ मध्ये, पुन्हा छापली गेली. खुद्द गॉडार्ड यांनी १९२८ मध्ये आपली काही मतं बदलली. पण कॅलिकॅक घराण्याची कथा मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत १९५० च्या दशकातही छापली जात होती.

आणि डेबोरा? १९१४ मध्ये तिला रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या संस्थेत हलवण्यात आलं. १९७८ मध्ये ती वारली. आठव्या वर्षापासून पुढची एक्याऐंशी वर्षं तिने संस्थांच्या भिंतींआडच काढली.

वर्गात एक उपक्रम करता येईल. विद्यार्थ्यांना आपल्या किंवा ओळखीच्या एखाद्या कुटुंबाच्या तीन पिढ्यांची माहिती गोळा करायला सांगा. प्रत्येक माहितीपुढे एक खूण करायची: कागदावर लिहिलेली, कोणीतरी सांगितलेली, की आपण अंदाजाने धरलेली? वडिलांइतकीच आईकडची बाजूही भरायची. जिथे माहिती नाही तिथे चौकट रिकामी ठेवायची. (ज्या मुलांना घरची माहिती सांगणं अवघड जाईल, त्यांना सक्ती नको.) रिकाम्या चौकटी किती उरतात, ते पाहून मुलं चकित होतील.

गॉडार्ड यांनी त्या चौकटी रिकाम्या ठेवल्या असत्या, तर डेबोराच्या आडनावात ‘वाईट’ हा शब्द कधी आलाच नसता. पुढच्या वेळी शिक्षकांच्या खोलीत ‘त्याचं घरच तसं’ असं कानावर आलं, की एवढंच विचारावं: हे लिहिलेलं आहे, ऐकलेलं आहे, की धरून चाललेलं?