स्थितिस्थापक आणि अस्थितिस्थापक टक्कर

दोन वस्तू एकमेकींवर आदळून अत्यल्प काळ परस्परांवर मोठे बल लावतात, त्या घटनेस पदार्थविज्ञानात टक्कर किंवा आघात म्हणतात. बाहेरील बल नगण्य असेल, तर टक्कर कोणत्याही प्रकारची असो, दोन्ही वस्तूंचा एकूण संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांच्या गुणाकारांची दिशेसह केलेली बेरीज, कायम राहते. फरक पडतो तो गतिज ऊर्जेत. ती जशीच्या तशी टिकली तर टक्कर स्थितिस्थापक. तिचा काही भाग उष्णता, ध्वनी किंवा आकारातील बदल यांत खर्ची पडला तर अस्थितिस्थापक. आदळलेल्या वस्तू एकमेकींना चिकटून एकाच वेगाने पुढे गेल्या, तर ती पूर्णतः अस्थितिस्थापक होय. अशा टकरीत संवेगही नाहीसा होतो, हा विद्यार्थ्यांचा गैरसमज असतो.

दिशेचे महत्त्व थोरामोठ्यांच्याही ध्यानात आले नव्हते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४४ मध्ये मांडलेले टकरींचे नियम त्यामुळेच बहुतांशी चुकले. पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६८ मध्ये हा प्रश्न हाती घेतला. वॉलिस याने चिकटणाऱ्या, तर रेन आणि हायगेन्स यांनी उसळणाऱ्या वस्तूंचे नियम सांगितले.

समान वस्तुमानाच्या दोन वस्तूंची समोरासमोर स्थितिस्थापक टक्कर झाली, तर त्या आपापल्या वेगांची अदलाबदल करतात. बिलियर्ड्सचा चेंडू स्थिर चेंडूवर नेमका समोरून आदळला की जवळपास जागीच थांबतो, तो यामुळे. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीपेक्षा जड असल्याने तो सरळ फटक्यानंतरही थोडा पुढे सरकतो. अर्थात ही उदाहरणे आदर्शाच्या जवळची, एवढेच. सोंगटीवर स्ट्रायकर आदळताना होणारा आवाज हीच काही ऊर्जा निसटल्याची साक्ष आहे. खऱ्या अर्थाने स्थितिस्थापक टकरी अणू आणि त्याहून सूक्ष्म कणांच्या जगात आढळतात. चॅडविक याने १९३२ मध्ये न्यूट्रॉनचे वस्तुमान ठरवले, ते त्याच्या धक्क्याने हायड्रोजन व नायट्रोजन यांची अणुकेंद्रे किती वेगाने उडतात, यावरून.

रस्त्यावरील अपघात मात्र दुसऱ्या टोकाचे. १,००० किलोग्रॅमची मोटार ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने तेवढ्याच वजनाच्या उभ्या मोटारीवर आदळली आणि दोन्ही एकमेकींत अडकल्या, तर त्यांचा सामाईक वेग सेकंदाला ७.५ मीटर होतो. संवेग तेवढाच राहिला. गतिज ऊर्जा मात्र १,१२,५०० जूलवरून ५६,२५० जूलवर आली. उरलेली निम्मी ऊर्जा पत्रा चेपण्यात, काचा फुटण्यात आणि उष्णतेत गेली. ती पत्र्यात न जिरता प्रवाशांच्या देहापर्यंत पोहोचली तर काय, हा खरा प्रश्न आहे.

'जुन्या गाड्या भक्कम, आताच्या लगेच चेपतात' ही तक्रार नेहमी ऐकू येते. वस्तुतः चेपणे हा दोष नसून योजना आहे. मर्सिडीज-बेंझमधील अभियंता बेला बारेनी याने अशा रचनेच्या पेटंटसाठी १९५१ मध्ये अर्ज केला. १९५९ मध्ये ती प्रत्यक्ष मोटारीत आली. प्रवाशांचा कक्ष मजबूत ठेवायचा आणि पुढचा-मागचा भाग ठरवून चेपू द्यायचा, हे तिचे सूत्र. वर उल्लेखिलेल्या वेगाने भिंतीवर आदळलेली मोटार ६० सेंटिमीटर चेपून थांबली, तर पट्टा बांधलेल्या प्रवाशाला गुरुत्व त्वरणाच्या सरासरी सुमारे १९ पट मंदन सोसावे लागते. तीच ६ सेंटिमीटरमध्ये थांबली, तर १९० पट. पट्टा नसेल, तर चेपणाऱ्या पत्र्याचा लाभ मिळतच नाही. गाडी थांबते, प्रवासी मूळ वेगानेच पुढे जात राहतो आणि त्याची स्वतंत्र टक्कर होते; मागे बसला असेल तर पुढच्या आसनाशी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'भारत एनकॅप' चाचणीत मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात. हा अडथळा टणक भिंतीचा नसतो. त्याचा पुढचा भाग ॲल्युमिनियमच्या, मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा असतो. समोरून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीप्रमाणे तोही चेपतो.